टोकावड्याच्या टाकीतले अकरा मासे

टोकावड्याच्या त्या घरात मी पोचले तेव्हा टाकीत सात मासे होते आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक. तो तुकडा विशेकाकांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला, मला नीट दिसल्याची खात्री केली आणि मग मागच्या दाराने जाऊन पेरूच्या झाडाखाली पुरून आले.

"चौदा आणलेले," हात धुता धुता ते म्हणाले. "महिना नाय झाला अजून. ताई, मला एकच सांगा. ही टाकी काढायची कशी? पाणी कुठून सोडायचं?"

मला टाकी काढायला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं त्यांच्या सुनेने, वैशालीने, आणि तेही मासे का मरतात ते बघायला. ती मुरबाडच्या एका कंपनीत ऑफिसात आहे. त्या दिवशी तिने हाफ डे टाकला होता. ती सासऱ्यांच्या मागे उभी राहून मला मानेनेच 'नाही, नाही' सांगत होती.

मी शहापूरची. फिशटँक बसवणं आणि सांभाळणं हे माझं काम. आधी कल्याणला एका मोठ्या दुकानात नोकरी केली, नंतर स्वतःचं सुरू केलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दवाखाने, हॉटेलं, शाळा, घरं, सगळीकडे माझ्या टाक्या आहेत. किन्हवली-सरळगाव करत स्कूटरवर टोकावड्यापर्यंत मी महिन्यातून एकदा जातेच. मासे का मरतात ते बहुतेक वेळा मला दारातूनच कळतं. इथेही कळलं.

टाकी दोन फुटी होती. आत एक एंजल, त्याचे पंख कात्रीने कापल्यासारखे. दोन टायगर बार्ब, अंगावर काळे पट्टे असलेले. ते पंख त्यांनीच कुरतडलेले. एक मॉली, एक टेट्रा, दोन झेब्रा डॅनिओ. बार्ब सोडले तर बाकीचे सगळे उजव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपमागे, एकमेकांना चिकटून उभे आणि बार्ब त्यांच्याच समोर फेऱ्या घालत. टाकीचा डावीकडचा दीड फूट ओसाड.

"जोड्या घेतल्या होत्या ना?" मी वैशालीला विचारलं.

"सात जोड्या. दुकानदार म्हणाला, प्रत्येकाची जोडी घ्या, एकटा मासा राहत नाही."

हे वाक्य मी स्वतः कल्याणच्या दुकानात शेकडो वेळा बोलले आहे. आमचे शेठ सांगायचे, "गिऱ्हाईक जोडी मागतं, आपण जोडी द्यायची. वर्ग घ्यायला बसायचं नाही." माणसाला जोडी आवडते. माशांना ती आवडतेच असं नाही. टेट्रा, बार्ब, डॅनिओ हे घोळक्याने राहणारे मासे. आमच्या धंद्यात त्यांना स्कूलिंग फिश म्हणतात. यांच्यात मोठं कोण, धाकटं कोण, हे सतत चालू असतं. दहा जणांत ते वाटलं जातं. एकाने दुसऱ्याला हुसकलं की दुसरा तिसऱ्याकडे जातो आणि विषय संपतो. दोघेच असले की एक दिवसभर मारतो आणि दुसरा दिवसभर मार खातो. मार खाणारा लपतो, जेवत नाही आणि मरतो. टायगर बार्बला तर आपल्यातले पुरेसे मिळाले नाहीत की तो शेजाऱ्याचे पंख खातो.

मी एवढं सांगेपर्यंत काकांचा निर्णय झालेला होता. "म्हणजे चुकीचे आणले. मग काढूच टाकी."

"काका, टाकी एवढ्यात का नको झाली?"

त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे काकू बसल्या होत्या.

सुमनकाकूंना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात, डावा पाय कमजोर. बोलणं हळू, पण कळेल असं. घरच्यांना वाटलं, व्यायामाने होईल बरं. मग वैशालीच्या लक्षात आलं की ताटातली भाकरी त्या उजवीकडूनच खातात आणि डावीकडचा तुकडा तसाच ठेवून उठतात. डावीकडून कुणी हाक मारली तर उजवीकडे शोधतात. डोळ्यांना काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, झटक्यामुळे मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. तिकडे काही आहे हेच त्यांच्या मनात येत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ मॅडम म्हणाल्या, त्यांच्या डावीकडे काहीतरी हलतं ठेवा. मान आपणहून तिकडे वळली पाहिजे, आपण धरून वळवायची नाही.

म्हणून वैशालीने टाकी आणली आणि खुर्चीसमोर अशी लावली की टाकीचं उजवं टोक काकूंच्या नाकासमोर आणि बाकीची टाकी डावीकडे. कल्पना उत्तम होती. पण मासे सगळे उजव्या कोपऱ्यात. काकू तेवढंच बघायच्या. डावीकडे नेणारं कुणी नव्हतंच.

"आणि मेलेला वर तरंगतो तो नेमका हिच्यासमोर," काका आवाज खाली आणून म्हणाले. "मागल्या सोमवारी अर्धा दिवस रडली. आजारापास्नं तिला रडू आलं की थांबत नाय. आता अजून एक मेला ना ताई, तर मी टाकी उचलून ओढ्यात रिकामी करीन."

मी त्यांना म्हटलं, ओढ्यात नका करू, मासे मी घेऊन जाते. आणि मला दोन महिने द्या.

"दोन महिन्यांत काय करणार?"

"एकाच जातीचे मासे टाकणार. इकडून तिकडे फिरतील असे."

"किती?"

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, पण लोक तोच आधी विचारतात.

पहिलं काम पाण्याचं. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये कालांतराने असे जिवाणू वाढतात की जे तो संपवतात. तोपर्यंत टाकी कच्ची असते. मी छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. नव्या टाकीत एकदम चौदा मासे टाकले की हेच होतं. मी दोन डॅनिओ ठेवले, बाकीचे पाच माझ्याकडे घेऊन आले. स्पंज बदलू नका, धुवायचा तर टाकीच्याच पाण्यात धुवा, आणि दर चार दिवसांनी बादलीभर पाणी काढून विहिरीचं घाला, असं सांगितलं. काकांनी ते सगळं तंतोतंत केलं. भातशेती केलेल्या माणसाला पाण्याची पातळी आणि वेळ शिकवावी लागत नाही.

मासे कोणते, हे माझं ठरलं होतं. झेब्रा डॅनिओ. दीड-दोन इंचांचा, निळ्या-सोनेरी आडव्या रेघांचा, काटक मासा. मुरबाडकडच्या थंडीत हीटरशिवाय राहतो. आणि मुख्य म्हणजे तो एका जागी उभा राहत नाही.

मग आकडा. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. कागदावर सत्तर लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पंचावन्न. जुना ढोबळ नियम म्हणतो, माशाच्या एका इंचाला चार लिटर पाणी. म्हणजे सात डॅनिओ बसतात. काका म्हणत होते, चारच्या वर नको. मी सहावर तोडगा काढला. नियमही खूश, काकाही खूश.

तीन आठवड्यांनी पाणी पिवळं आलं. मी आणखी चार मासे सोडले. एकूण सहा. पुढच्या रविवारी वैशालीचा फोन आला.

"ताई, ते सारखे पळतायत. एक आहे तो फिल्टरजवळची जागा सोडत नाही, कुणी आलं की अंगावर जातो. बाकीचे वर कोपऱ्यात. आई बघतात, पण दोन मिनिटांत डोळे मिटून घेतात."

मी जाऊन तासभर टाकीसमोर बसले. ती म्हणत होती ते खरं होतं. सहांचा घोळका झालाच नव्हता. एक दादा आणि पाच भेदरलेले. ते टाकीत फिरत नव्हते, सुटत होते. एकदम सुसाट, मग थांब, मग पुन्हा सुसाट. निरोगी माणसाची नजरही तिथे ठरली नसती.

चूक माझी होती. सहा हा आकडा मी काकांसाठी निवडला होता. टाकीत काका राहणार नव्हते.

मी त्यांना सरळ सांगितलं, "काका, अजून टाकायला लागतील. दुप्पट तरी."

"भांडतायत म्हणून अजून टाकायचे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पेटलेल्या गंजीवर पेंढा टाकायला सांगतेय. "वैशाली, ह्या ताईंना मासेच खपवायचेत."

"बाबा, ऐकून तर घ्या," वैशाली म्हणाली.

"ऐकतो ना. पण माझं पण ऐका. हिकडं पावसात लाईट जाते ती दुसऱ्या दिवशी येते. तुमचं ते फिल्टर बंद. मग बारा जणांनी श्वास कशावर घ्यायचा?"

प्रश्न बरोबर होता. मी मनात पंधराचा आकडा धरून आले होते. दोन फुटी टाकीत चांगला फिल्टर असेल आणि पाणी वेळेवर बदललं तर पंधरा डॅनिओ सुखाने राहतात. पण पंधरा हा शहापूरच्या बाजारपेठेतला आकडा होता, जिथे दुकानात माझा इन्व्हर्टर आहे. टोकावड्याचा आकडा वेगळा असणार. फिल्टर बंद पडला की पाण्यात हवा मिसळते ती फक्त वरच्या पृष्ठभागातून. दोन फूट बाय एक फूट, एवढ्याच खिडकीतून सगळ्यांनी श्वास घ्यायचा.

"काका, आपण बघू," मी म्हटलं. "मासे आणते आणि लाईट आपणच घालवू. तुमच्यासमोर. वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर त्याच दिवशी कमी करून घेऊन जाईन."

"किती आणणार?"

"मनात पंधरा होते, पण तुमच्या लाईटकडे बघून आणखी चारच. दहा होतील."

काकांनी विचार केला. "दहा नको. अकरा करा. सम आकडा बरा नाय दिसत."

दहाच्या खाली घोळका जमत नाही आणि इथल्या लाईटवर बाराच्या पुढे जायची माझी तयारी नव्हती; अकरा दोन्हींत बसत होता. मी हो म्हटलं.

पाच मासे मी माझ्याकडे दोन आठवडे वेगळे ठेवले, रोगबिग नाही ना बघायला. मग एका रविवारी सकाळी घेऊन गेले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू टाकीतलं पाणी पिशवीत घातलं आणि सोडले. त्याच वेळी फिल्टर उजवीकडून काढून डाव्या भिंतीला लावला. डॅनिओला वाहत्या पाण्याच्या समोर तोंड करून पोहायला आवडतं. धार डावीकडून आली तर घोळका डावीकडे तोंड करून उभा राहणार. खाण्यासाठी पाण्यावर तरंगणारी एक प्लॅस्टिकची रिंग असते, खाणं तिच्यातच टाकायचं म्हणजे पसरत नाही. ती रिंगही मी डावीकडे चिकटवली.

पंधरा दिवसांनी, त्यांना जागेची सवय झाल्यावर, आम्ही लाईट घालवली. सकाळी दहाला मी प्लग काढला. काका खाटेवर बसले, मी स्टुलावर. दुपारी वैशालीने आमटी-भात वाढला, तो आम्ही तिथेच जेवलो. मी दर तासाला माशांच्या कल्ल्यांची उघडझाप मोजत होते. चार वाजता दोन-तीन मासे जरा वर आले. काका पुढे वाकले. मासे किडा समजून कचऱ्याला तोंड लावून परत खाली गेले. संध्याकाळी सहाला मी प्लग लावला. आठ तास झाले होते आणि श्वासात फरक नव्हता.

"पंधरा असते तर?" काकांनी विचारलं.

"तर आठ तासही मी बिनघोर सांगितले नसते."

त्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी टाकी काढायची गोष्ट केली नाही. मी त्यांना बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप दिला आणि एक नियम सांगितला. लाईट गेली की खाणं बंद. रिकाम्या पोटी मासे दोन दिवस आरामात काढतात. भरल्या पोटी हवा जास्त लागते आणि घाणही होते. पुढे पावसाळ्यात एकदा लाईट सकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एकही मासा गेला नाही.

अकरांचा घोळका सहांसारखा पळत नव्हता. तो संथ चालायचा. उजव्या टोकाला काकूंच्या समोर यायचा, वळायचा, सगळा मिळून डावीकडे जायचा, धारेसमोर जरा थांबायचा आणि परत. ज्याच्या त्याच्या अंगावर जाणारा तो दादा अकरांत कुठला, ते मलाही ओळखता येईना.

काकूंच्या बाबतीत चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पहिले आठवडाभर घोळका डावीकडे गेला की त्यांच्यापुरता तो संपायचा. परत आला की त्यांना नव्याने दिसायचा. मग एक दिवस, वैशाली सांगत होती, त्यांनी विचारलं, "गेले कुठं गो?" आणि मान वळवली. फार नाही, थोडी.

फिजिओ मॅडमनी मग त्यांना काम लावलं. खाणं काकूंनी घालायचं, उजव्या हाताने, आणि घालण्यासाठी डावीकडची रिंग स्वतः शोधायची. मासे रिंगखाली गोळा झाले की मोजायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. सुरुवातीला त्या 'चार' म्हणायच्या, 'पाच' म्हणायच्या. घोळक्याची उजवी बाजू मोजून संपवायच्या. वैशाली म्हणायची, "आई, अजून डावीकडे." मग सहा, सात. मी दर महिन्याला जायची तेव्हा काका मला फाटकातच आकडा सांगायचे. "नवावर आलीय." दिवाळीनंतर एकदा त्यांनी फाटकात काहीच सांगितलं नाही. घरात गेल्यावर काकूंनी माझ्यासमोर रिंगमध्ये चिमूट टाकली, बराच वेळ बोट हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, "अकरा." काका मला चहा घ्यायला सांगून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी गेले, तर घरात जरा तणतण होती. काकू तीन दिवस 'दहा' म्हणत होत्या.

"परत डावीकडचा सुटायला लागलाय," वैशाली स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली. "मॅडमना फोन केलाय. कधीकधी थोडं मागे जातं म्हणाल्या."

बाहेरच्या खोलीत काका काकूंच्या डावीकडे उकिडवे बसून सांगत होते, "नीट बघ. हिकडं बघ. अजून एक हाय."

"दहा," काकू म्हणाल्या.

"अगो, अकरा हायेत. मी सांगतोय ना."

"तुमी मोजले?"

काकांनी टाकीकडे पाहिलं. त्यांनी मोजले नव्हते. वैशालीनेही मोजले नव्हते. काकू 'अकरा' म्हणायला लागल्यापासून घरात दुसरं कुणी मोजतच नव्हतं. मी रिंगमध्ये खाणं टाकलं आणि मोजले. पुन्हा मोजले. दहा होते.

डॅनिओ उडी मारतो. म्हणून टाकीवर काचेचं झाकण असतं. फिल्टर डावीकडे हलवताना वायरसाठी झाकणात मी दोन बोटं फट ठेवली होती आणि ती बुजवायची राहून गेली होती. अकरावा मासा स्टँडच्या मागे, भिंतीकडेला सापडला. वाळून कडक झालेला.

माझी चूक मी तिथल्या तिथे कबूल केली. मला वाटलं, आता काका काय बोलतील ते बोलू देत. काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.

"तीन दिवस सांगतेय," काकू म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. उलट बऱ्यापैकी चिडलेल्या होत्या.

"चुकलं माझं," काका म्हणाले.

मी फटीत स्पंजची पट्टी कापून बसवली. निघताना काका फाटकापर्यंत आले. "ताई, पुढच्या टायमाला एक आणा. दहावर ठेवू नका, तिला अकराची सवय झालीय."

त्या घराने माझ्या कामात दोन बदल केले. झाकणात फट ठेवली की ती बुजवल्याशिवाय मी हत्यारं पिशवीत भरत नाही. आणि 'किती मासे टाकू' असं कुणी विचारलं की मी टाकीचं माप घेण्याआधी दोन प्रश्न विचारते. तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते, आणि मासे रोज मोजणारं घरात कोण आहे. पहिल्याचं उत्तर लोक लगेच देतात. दुसऱ्याला बहुतेकांकडे उत्तर नसतं. त्यांना मी दोन मासे कमीच देते.